काळी रम आणि अद्रकीचा झणका: घरच्या घरी जिंजर बीअर कॉकटेल

आपल्याकडे काळ्या रममध्ये बहुतेक वेळा कोला पडतो, नाहीतर थंड पाणी. कोल्याचा गोडवा रमची चव झाकून टाकतो आणि नुसत्या पाण्यात तिचा उग्रपणा तसाच राहतो. आल्याचं तसं नाही. रममध्ये मळीचा, करपलेल्या साखरेचा, लाकडी पिंपाचा जो वास असतो, तो आल्याच्या तिखटपणात उलट उठून येतो आणि लिंबाचा आंबटपणा दोघांनाही ताळ्यावर ठेवतो. रम, जिंजर बीअर (म्हणजे आल्याचं फसफसणारं पेय) आणि लिंबू, एवढ्या तीनच गोष्टींचं हे कॉकटेल. शेकर लागत नाही, बारमधली खास भांडी लागत नाहीत. उंच ग्लास, लांब चमचा आणि भरपूर बर्फ असला की झालं.

मराठवाड्यात तर याचं सगळं सामान दाराशी आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, खुलताबाद, फुलंब्री या पट्ट्यात अद्रक मोठ्या प्रमाणावर पिकते. ऊस आहे, त्यामुळे गूळ आहे. कागदी लिंबाच्या ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ या जाती तर परभणीच्या कृषी विद्यापीठानंच दिलेल्या. असं असताना परदेशी जिंजर बीअरचा महागडा कॅन मिळाल्याशिवाय हे पेय होत नाही, असं समजून बसण्यात काही अर्थ नाही. माझं म्हणणं सरळ आहे: रम साधी घ्या आणि सगळी मेहनत आल्यावर घ्या. या ग्लासाची चव नव्वद टक्के आलंच ठरवतं.

कामाला लागण्याआधी कायद्याचं सांगून टाकतो. महाराष्ट्रात रम, व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असे परवाने मिळतात. रम परवानाधारक दुकानातूनच, सीलबंद बाटलीत घ्या. सुट्या किंवा ओळखीतून आलेल्या ‘स्वस्तातल्या’ बाटलीत मिथेनॉल असू शकतं. त्यानं डोळे जातात, जीवही जातो.

हे पेय मूळचं कुठलं

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांचं. तिथल्या गॉसलिंग कुटुंबाची काळी रम आणि तिथे असलेल्या ब्रिटिश नौदलाच्या लोकांची आवडती जिंजर बीअर एकत्र आली आणि ‘डार्क अँड स्टॉर्मी’ हे नाव पडलं. गॉसलिंग कंपनीनं ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं आहे, त्यामुळे अमेरिकेत त्यांचीच रम घातली तर बारवाल्याला ते नाव वापरता येतं. आपण घरी करतो तेव्हा नावाची काळजी नाही. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत कृतीत ६० मिली रम आणि १०० मिली जिंजर बीअर असं प्रमाण आहे. आपल्या उन्हाळ्याला ते जड पडतं असं माझं मत आहे. का, ते पुढे सांगतो.

जिंजर बीअर म्हणजे नेमकं काय

नावात बीअर असली तरी तिच्यात जवाचं काही नसतं. जुन्या पद्धतीत आलं, साखर, पाणी आणि लिंबू यांचं मिश्रण आंबवतात. त्यातलं यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि त्यामुळे बुडबुडे येतात. त्याबरोबर थोडं अल्कोहोलही तयार होतं. हॅरी मार्शल वॉर्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९२ मध्ये या विरजणाचा अभ्यास करून त्यात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात हे दाखवलं होतं. आजकाल बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जिंजर बीअरमध्ये मात्र आंबवणं नसतं. आल्याचा अर्क, साखर आणि दाबानं भरलेला वायू, एवढंच. ‘जिंजर एल’ नावाचं जे मिळतं ते याहून गोड आणि सौम्य असतं. रमपुढे ते टिकत नाही.

घरी आंबवून जिंजर बीअर करण्याच्या कृती इंटरनेटवर भरपूर आहेत. मी ती वाट इथे सुचवत नाही, आणि याला दोन ठोस कारणं आहेत. पहिलं, आपली हवा. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. थंड देशात तीन-चार दिवस घेणारं यीस्ट आपल्याकडे कितीतरी लवकर सुसाट सुटतं. झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बाटलीत वायूचा दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. काचेचे तुकडे स्वयंपाकघरभर उडतात आणि जवळ कोणी असेल तर गंभीर इजा होते. दुसरं, मुद्दाम आंबवून घरी मद्य तयार करायला परवाना लागतो. बाटलीत किती टक्के अल्कोहोल झालं हे घरात मोजायची सोयही नसते. मग मुलांच्या हातात ते ‘सरबत’ म्हणून गेलं तर?

म्हणून आपण आल्याचा घट्ट अर्क करायचा आणि ऐनवेळी थंडगार सोड्यात मिसळायचा. तासाभराचं काम आहे. चव ताजी लागते, झणका जास्त येतो आणि न पिणाऱ्यांनाही तीच जिंजर बीअर लिंबू घालून देता येते.

आलं निवडताना

मंडईत नवी आणि जुनी अशी दोन प्रकारची अद्रक दिसते आणि दोघींचे भाव वेगळे असतात. नवी कोवळी असते, साल पातळ, नखानंही निघते, आतून पाणीदार. चहाला चालेल, आपल्या कामाला नाही. जुनी म्हणजे जमिनीत पूर्ण मुरलेली. साल जाड आणि करडी, आत रेषा जास्त, मोडताना कट्कन आवाज आणि लगेच नाकात जाणारा वास. आपल्याकडे अद्रकीची लागवड उन्हाळ्याच्या शेवटी होते आणि पीक पक्व व्हायला आठ-नऊ महिने लागतात. भाव नसेल तर शेतकरी ती आणखी काही महिने जमिनीतच ठेवतात. अशी मुरलेली अद्रक मिळाली तर तीच घ्या. सुरकुतलेली, टोकाला मऊ पडलेली किंवा निळसर बुरशी दिसणारी नको.

आता आल्याच्या तिखटपणाबद्दल, कारण सगळी कृती त्यावर बेतलेली आहे. ताज्या आल्याचा झणका जिंजेरॉल या घटकामुळे असतो. आलं उकळलं की त्यातलं काही जिंजेरॉल बदलून झिंजेरोन होतं. ते गोडसर वासाचं आणि बरंच सौम्य. आलं वाळवून सुंठ केली की शोगाओल तयार होतं आणि ते मूळच्या जिंजेरॉलपेक्षाही तिखट. आल्याचे तुकडे साखरेच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळून केलेल्या पाकाला वास छान येतो, पण घशाला चटका बसत नाही, याचं कारण हेच. चटका हवा असेल तर रस कच्चाच ठेवायचा आणि जोडीला चिमूटभर सुंठ घालायची. कच्च्या रसाचा चटका जिभेवर लगेच बसतो, सुंठेचा घोट उतरल्यावर घशात जाणवतो. दोन्ही मिळून जो परिणाम होतो तो कुठल्याही कॅनमध्ये मला मिळालेला नाही.

अर्क करण्याची कृती

साधारण दहा-बारा ग्लासांना पुरेल असा अर्क करायला हे लागेल:

- जुनी अद्रक १५० ग्रॅम
- साखर १५० ग्रॅम
- गूळ ५० ग्रॅम, शक्यतो गडद रंगाचा
- पाणी १०० मिली पाकासाठी आणि १०० मिली आलं वाटण्यासाठी
- पाव चमचा सुंठपूड, चार-पाच मिरे, एका लिंबाची हिरवी साल, चिमूटभर मीठ

अद्रक दहा मिनिटं पाण्यात भिजवून ठेवा. सांध्यांमधली माती भिजल्याशिवाय सुटत नाही. मग बोटं मोडून वेगळी करा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि चमच्याच्या कडेनं साल खरवडा. सुरीनं साल काढली तर खालचा सगळ्यात वासाचा थर वाया जातो.

आल्याच्या चकत्या रेषांना आडव्या कापा, जितक्या पातळ तितकं बरं. उभे तुकडे मिक्सरमध्ये टाकले की लांब दोरे पात्याला गुंडाळले जातात आणि मोटर गरम होते. चटणीच्या भांड्यात चकत्या आणि १०० मिली थंड पाणी घालून बारीक वाटा, पण सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा. वाटण स्वच्छ सुती फडक्यात बांधून घट्ट पिळा. मिक्सर नसेल तर किसणीवर किसूनही होतं. किसलेल्या आल्यात पाणी घालून पाच मिनिटं ठेवा आणि पिळा.

आता हा रस पातेल्यात अर्धा तास हलवाबिलवायचा नाही. तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्यातला स्टार्च. तो अर्कात राहिला तर पेय गढूळ दिसतं, जिभेवर पिठूळ लागतं आणि सोडा ओतल्यावर फेस वर येऊन ग्लासाबाहेर जातो. वरची निवळी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या आणि साका टाकून द्या. ही पायरी वगळायचा मोह होतो, पण वगळू नका. सगळ्या कृतीत फरक पाडणारी हीच एक पायरी आहे.

रस निवळेपर्यंत पाक करून घ्या. साखर, चिरलेला गूळ आणि १०० मिली पाणी मंद आचेवर ठेवा. तार वगैरे काही बघायची नाही, साखर-गूळ विरघळला आणि एक हलकी उकळी आली की गॅस बंद. त्यात सुंठ, ठेचलेले मिरे, मीठ आणि लिंबाची साल घालून झाकण ठेवा. साल सोलताना फक्त हिरवा थर घ्यायचा, आतला पांढरा भाग कडू असतो. पाक पूर्ण थंड होऊ द्या. पूर्ण म्हणजे भांड्याला हात लावला तर कोमटही लागता कामा नये, कारण गरम पाकात कच्चा रस ओतला तर ज्यासाठी एवढी खटपट केली तो झणकाच मंदावेल. मग गाळून घ्या. गुळात उसाचे बारीक कण आणि माती हमखास असते, त्यामुळे चहाच्या गाळणीवर भरवसा न ठेवता फडक्यातून गाळा. शेवटी त्यात आल्याची निवळी मिसळा.

साडेतीनशे मिलीच्या आसपास अर्क होतो. काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाच-सहा दिवसांत संपवा. रोज थोडा झणका कमी होत जातो, म्हणून पहिल्या दोन दिवसांतली मजा वेगळी. झाकण उघडताना फुस्स झालं, कडेला बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला तर अर्क आंबायला लागलाय. तो सरळ ओतून द्यायचा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा.

गुळाचं प्रमाण मी मुद्दाम कमी ठेवलं आहे. सगळा गूळ घातला तर पेय काकवीकडे झुकतं आणि आल्याचा वास दबतो. एक वाटा गूळ, तीन वाटे साखर, एवढ्यानं रमच्या मळीच्या चवीला जोड मिळते. रमही शेवटी उसाच्या मळीपासूनच होते. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जो काळा दाट द्रव उरतो त्याच्यापासून. त्यामुळे गूळ आणि रम एकमेकांना अनोळखी नाहीत.

सोडा आणि थंडपणा

वायू पाण्यात किती मावतो हे तापमानावर ठरतं. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशाला त्याच्या निम्माच आणि ४० अंशाला तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मे महिन्यातल्या दुपारी किराणा दुकानाच्या फळीवरून आणलेला सोडा उघडला की निम्मा जीव तिथेच जातो. म्हणून सोडा किमान चार-पाच तास फ्रिजमध्ये, सगळ्यात आतल्या बाजूला ठेवलेला हवा. मोठी बाटली स्वस्त पडते, पण ती एकदा उघडली की शेवटचे ग्लास मचूळ होतात. दोघा-तिघांसाठी लहान बाटल्याच घ्या. साधा सोडा हवा. टॉनिक वॉटर नको, ते कडू असतं. गोटी सोड्याची गंमत मला आवडते, पण प्रत्येक बाटलीतला दाब सारखा नसतो आणि पाणी कुठलं वापरलंय ते माहीत असल्याशिवाय मी तो घेणार नाही.

बर्फाकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि खारट आहे, आणि त्याचा बर्फ वितळला की ती चव ग्लासात उतरते. पिण्याचं पाणी, म्हणजे फिल्टरचं किंवा जारचं, तेच बर्फाला वापरा. ट्रेमधले बारीक खडे लवकर विरघळतात आणि पेय पांचट होतं. स्टीलच्या लहान वाट्यांमध्ये पाणी गोठवून मोठे गोळे करा, ते बराच वेळ टिकतात. लाइट जाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा बर्फ आदल्या रात्रीच लावून ठेवा. लादीचा बर्फ मात्र कधीच नको. तो मासे, भाज्या थंड ठेवण्यासाठी असतो. अखाद्य बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे, पण रंग दिसला नाही म्हणून तो खाण्याजोगा ठरत नाही.

रम आणि लिंबू

यावर फार लिहिण्यासारखं नाही. काळी रम हवी. ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे, ४२.८ टक्क्यांची आहे, तिच्यात व्हॅनिलाकडे झुकणारा गोडवा आहे आणि या पेयात ती फार छान बसते. त्या धर्तीची दुसरी कुठलीही काळी रम चालेल. पांढरी रम घातली तर पेय वाईट होत नाही, पण आल्यासमोर ती हरवून जाते. जुनी, महागडी, नुसती चाखत प्यायची रम यात घालू नका. तिच्यातलं बारीकसारीक काहीच कळणार नाही. चौघांसाठी एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, एका फेरीला बरोबर पुरते.

लिंबू कागदीच, पिवळसर आणि पातळ सालीचं. ओट्यावर तळहातानं दाबून फिरवा, मग कापा. रस ऐनवेळी काढायचा. तास-दीड तास आधी काढून ठेवला तर त्याचा तजेला जातो.

ग्लास भरताना

माप असू द्या. पेगचं माप नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची खुणा असलेली टोपी स्वच्छ धुऊन वापरा. अंदाजानं ओतलेला पेग नेहमी मोठाच होतो.

साडेतीनशे मिलीचा उंच काचेचा ग्लास दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढून बर्फानं काठोकाठ भरा. बर्फ जास्त असला तर वितळतो कमी, कारण सगळं एकमेकाला थंड ठेवतं. त्यावर १५ मिली लिंबाचा रस आणि ३० मिली अर्क ओता, लांब चमच्यानं ढवळा. मग १२० मिली थंड सोडा ग्लास थोडा तिरका धरून कडेनं सोडा. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हलकेच वर उचला. गोल गोल ढवळलं की वायू उडून जातो.

आता रम. चमचा पालथा करून बर्फाला टेकवा आणि ४५ मिली रम त्याच्या पाठीवरून अगदी सावकाश ओता. साखर असलेलं पाणी जड असतं आणि रम हलकी, त्यामुळे ती वरच तरंगते. खाली फिकट सोनेरी, वर गडद तपकिरी, आणि मधून रमचे धागे खाली उतरत जातात. लिंबाची एक फोड काठाला लावा. पहिला घोट रमचा येतो आणि मागून आल्याचा. ज्यांना सगळं एकसारखं हवं त्यांनी एकदा ढवळून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

४५ मिलीच का, तर हिशेब असा: ४२.८ टक्क्यांच्या ४५ मिली रममध्ये साधारण १९ मिली अल्कोहोल असतं. वितळलेला बर्फ धरून ग्लासात सव्वादोनशे मिलीच्या आसपास पेय होतं, म्हणजे आठ-साडेआठ टक्के. स्ट्राँग बीअरइतकं. अधिकृत कृतीतलं ६० ला १०० हे प्रमाण घेतलं तर ते चौदा टक्क्यांपर्यंत, म्हणजे वाइनच्या घरात जातं. हे पेय गोड आणि थंड असल्यामुळे भराभर प्यायलं जातं, आणि उन्हानं आधीच शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. ४५ मिलीचे दोन ग्लास, मध्ये एक ग्लास साधं पाणी, यापुढे मी कोणाला आग्रह करत नाही. गाडी चालवून जायचं असेल त्याला बिनरमचाच ग्लास द्या. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि एका ग्लासानंतर आपण तिच्या आत आहोत की बाहेर, हे अंदाजानं कळत नाही. कोणाची मधुमेहाची, झोपेची किंवा अँटिबायोटिक औषधं चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय रम नको.

हे पेय तांब्याच्या मगमध्ये दिलेलं तुम्ही फोटोत पाहिलं असेल. तो मग व्होडका घातलेल्या ‘मॉस्को म्यूल’ या भाऊबंदाचा. आपल्या घरी तांब्याचे, पितळेचे पेले असतात, पण लिंबाच्या आंबटपणानं तांबं पेयात उतरतं आणि त्यानं मळमळ, उलटी होऊ शकते. आतून कल्हई नसेल तर असा पेला वापरू नका. काच किंवा स्टील उत्तम.

चव जमली नाही तर

पहिल्या ग्लासात थोडंफार कमी-जास्त होणारच. पेय गोड लागलं तर अर्क कमी करू नका, त्यानं आलंही कमी होतं. त्याऐवजी लिंबू पाच मिली वाढवा. झणका कमी वाटला तर आलं कोवळं होतं किंवा पाक गरम असताना रस पडला. बाटलीत पाव चमचा सुंठ आणखी घालून तासभर ठेवलं की बरंच सावरतं. कडवट लागलं तर लिंबाची पांढरी साल पाकात गेली आहे किंवा लिंबू जास्त जोरानं पिळलं गेलं आहे, आणि त्याला उपाय नाही, पुढच्या वेळी जपा. मचूळ लागलं तर सोडा थंड नव्हता.

आपल्याकडचे दोन बदल

मोसंबीचा हंगाम असेल तेव्हा लिंबू निम्मं करून ३० मिली मोसंबीचा रस घाला आणि सोडा तेवढा कमी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि आल्याशी तिचं चांगलं जमतं. मोसंबीचा रस मात्र काढल्यापासून काही मिनिटांत वापरा, ठेवला की कडू होत जातो. केसर आंब्याचा रस घालून पाहावा असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. दाट गर सोड्यातला वायू मारून टाकतो आणि आंबा, आलं, रम यांपैकी कोणाचीच चव धड लागत नाही.

हुरड्याच्या दिवसांत, शेतात थंडी पडलेली असताना, सोड्याऐवजी गरम पाणी घ्या. ४५ मिली रम, ३० मिली अर्क, थोडं लिंबू आणि १०० मिली चांगलं गरम पण उकळतं नसलेलं पाणी. आल्याचा झणका इथे मऊ होतो, पण त्या वेळी तेच हवं असतं. हुरड्याबरोबरची शेंगदाण्याची चटणी यासोबत फार रुचते.

उन्हाळ्यातल्या थंड ग्लासाबरोबर खारे दाणे किंवा ज्वारीच्या लाह्या पुरेत. काळं तिखट घातलेलं झणझणीत काही ठेवू नका. आल्यानं आधीच जीभ तापलेली असते, त्यावर मिरची आली की दोन्हींची चव जाते.

जास्त माणसं असतील तर

दहा-बारा जण येणार असतील तर अर्क आणि लिंबाचा रस दोनास एक या प्रमाणात एका जगमध्ये आधीच मिसळून फ्रिजमध्ये ठेवा, पण अर्ध्या तासाहून जास्त आधी नाही. प्रत्येक ग्लासात बर्फ भरून त्यातलं ४५ मिली घालायचं, वर सोडा. सोडा जगमध्ये कधीच मिसळायचा नाही. रम शेवटी, ज्याला हवी त्याच्याच ग्लासात. म्हणजे एकाच जगमधून सगळ्यांचं भागतं आणि न पिणाऱ्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. बिनरमचे ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा, गर्दीत अदलाबदल होत नाही.

फडक्यात उरलेला आल्याचा चोथा टाकू नका. त्यात अजून बराच वास असतो. चहात दोन दिवस चालतो, किंवा मीठ आणि लिंबू चोळून बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर वरणात, आमटीत घालता येतो.